बांगलादेशचे सौरयुग: रॉकेलच्या चिमणीपासून छपरावरच्या पॅनेलपर्यंत

विसाव्या शतकाच्या अखेरीस बांगलादेशातील बहुसंख्य खेडी सूर्यास्तानंतर रॉकेलच्या चिमणीवर जगत होती. नद्यांनी चिरलेल्या त्या भूमीत, विशेषतः पुरागणिक आकार बदलणाऱ्या गाळाच्या बेटांवर, विजेचे खांब रोवणार तरी कुठे?

१९९६ साली ‘ग्रामीण शक्ती’ ही संस्था स्थापन झाली. तिने पॅनेलआधी कर्ज विकले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. आरंभी थोडी रक्कम, उरलेली मासिक हप्त्यांनी. रॉकेलवर होणारा खर्च आता हप्त्याकडे वळवता येई. बदल्यात छपरावर एक पॅनेल, घरात बॅटरी, मोजके दिवे आणि पुढे मोबाइल चार्ज करण्याची सोय. धूर गेला, हे वेगळेच.

२००३ मध्ये ‘इडकॉल’ या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँकेच्या साहाय्याने देशव्यापी योजना आखली. २००८ पर्यंत ५० हजार संच, हे उद्दिष्ट २००५ मध्येच पार पडले. २०१८ पर्यंत संच ४० लाखांपलीकडे गेले. सुमारे २ कोटी लोकांच्या घरी हा उजेड पोहोचला.

आणि मग तारा आल्या. सरकारने ग्रिडचा विस्तार झपाट्याने केला, शिवाय काही ठिकाणी सौरसंच फुकटही वाटले. शेजाऱ्याला जे फुकट मिळाले, त्याचे हप्ते कोण भरणार? थकबाकी वाढत गेली, आणि गावोगाव संच पोहोचवणाऱ्या संस्थाच कर्जात रुतल्या. मार्च २०२२ मध्ये संपूर्ण विद्युतीकरणाची घोषणा झाली. पुष्कळ घरांनी पॅनेल मात्र उतरवले नाही. ग्रिडची वीज गेली की तेच कामी येई.