पुंगळी काढली, सोबत आणखी काय गेलं?

बदललेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी बुलडोझर फिरवला, ही बातमी मी वर्षातून दोनदा तरी करतो. 'कर्णकर्कश' हा शब्द तिच्यात ठरलेला. प्रेसनोटमध्ये आवाज असतो, धूर कधीच नसतो. म्हणून जरा मागचा हिशोब मांडतो.

माझ्या वयाच्या लोकांना चेतक, आरएक्स १०० यांच्यामागचा निळा धूर आठवत असेल. टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलसोबत ऑइलही जळायचं आणि थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडायचं.

पेट्रोल गाड्यांच्या धुरावर देशात पहिली मर्यादा आली १९९१ साली. १९९६ ला ती कडक झाली. २००० साली दुचाकीला किलोमीटरमागे २ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडची हद्द ठरली आणि टू-स्ट्रोक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. म्हणजे काय, तर मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. ती तापली की विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं इंधनही तिथंच जळतं.

पण पेट्रोलमधलं शिसं ही जाळी निकामी करतं. त्यामुळे आधी पेट्रोल बदलावं लागलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं.

२०१० पर्यंत २ ग्रॅमची हद्द १ वर आली. २९ मार्च २०१७ ला तर सुप्रीम कोर्टाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्रीच बंद केली. कंपन्यांकडे आठ लाखांवर गाड्या पडून होत्या, त्यात दुचाकीच सुमारे पावणेसात लाख. धंद्यापेक्षा लोकांचं आरोग्य मोठं, असं कोर्टाने ठणकावलं. शेवटचे दोन दिवस शोरूमपुढे सवलतीसाठी रांगा लागल्या होत्या, आठवतंय ना? २०२० ला बीएस-६ आलं, कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं.

एवढी तीस वर्षांची मेहनत. आणि आपली पोरं दणदणीत आवाजासाठी मूळ सायलेन्सर काढून रिकामी नळी बसवतात. बऱ्याच गाड्यांत जाळी त्या सायलेन्सरमध्येच असते. ती गेली की नवी कोरी गाडी धुराच्या बाबतीत वीस वर्षं मागे जाते. आवाज गल्ली ओलांडली की विरतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तो सिग्नलला मागे उभ्या असलेल्या रिक्षातल्या शाळकरी पोरांच्या छातीत जातो.

माझं म्हणणं एवढंच. पुढच्या कारवाईला आवाज मोजायच्या यंत्रासोबत धूर मोजायचं यंत्रही आणा. आणि नळी बसवून देणाऱ्या गॅरेजलाही जाब विचारा.

तुमच्या गावात धूर मोजतात का? कमेंटमध्ये सांगा.