चार अक्षरांचा चौकोन

एल आणि ओ वर, व्ही आणि ई खाली, आणि त्यातला ओ उजवीकडे कललेला. 'लव्ह'ची ही मांडणी रॉबर्ट इंडियाना या अमेरिकन पॉप चित्रकाराने १९६४ च्या सुमारास बसवली. त्याचे मूळ आडनाव क्लार्क. १९२८ साली इंडियाना राज्यात जन्मलेल्या या माणसाने पुढे राज्याचेच नाव आडनाव म्हणून लावले. लहानपणी तो ख्रिश्चन सायन्स पंथाच्या ज्या प्रार्थनागृहात जाई, तिथल्या भिंतीवर 'ईश्वर म्हणजे प्रेम' एवढेच वाक्य असे. वडील काही काळ फिलिप्स ६६ या पेट्रोल कंपनीत नोकरीला होते. तिची लाल-हिरवी पाटी निळ्या आभाळावर उठून दिसे, आणि 'लव्ह'चे लाल, निळा, हिरवा हे रंग तिथूनच आले.

चित्रात लाल अक्षरे आणि त्यांच्या फटींतले निळे-हिरवे तुकडे सारख्याच जोराने भरलेले आहेत. अक्षर कुठले आणि मोकळी जागा कुठली, हे डोळ्याला चटकन ठरवता येत नाही. बाकी तिन्ही अक्षरे ताठ असताना ओ तेवढा तिरपा आहे. तो सरळ उभा केला, तर उरेल ती निव्वळ दुकानाची पाटी.

१९६५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने नाताळच्या शुभेच्छापत्रावर हे चित्र छापले आणि ते हातोहात खपले. मात्र त्यावर स्वामित्वहक्काची सूचना नव्हती. चिन्ह आणि सही टाकली तर रचना बिघडेल, असे इंडियानाला वाटे. आणि त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात सूचनेविना प्रसिद्ध झालेल्या कृतीवरचा हक्क जात असे. मग टी-शर्टांवर, राखदाण्यांवर, पुस्तकांच्या वेष्टनांवर 'लव्ह' उमटत राहिले, आणि त्याला त्यातून काही मिळाले नाही. १९७३ साली अमेरिकी टपालखात्याने त्यावर आठ सेंटचे तिकीट काढले. अशी तिकिटे ३० कोटींहून अधिक छापली गेली. कलावंताच्या हाती १,००० डॉलर पडले. वर बाजारू म्हणून टीका झाली, ती अन्यायाचीच होती.

संग्राहकांना खरी ओढ लागली ती शिल्पाची. गंजाचा तांबूस थर धरणाऱ्या कॉर्टेन पोलादातले, १२ फूट उंचीचे पहिले शिल्प १९७० चे. ते इंडियानापोलिसच्या कलासंग्रहालयाकडे आहे. फिलाडेल्फियात १९७६ मध्ये मांडलेले शिल्प दोन वर्षांनी परत नेण्यात आले. तेव्हा फिट्झ यूजीन डिक्सन या धनिकाने ते विकत घेऊन शहराला देऊन टाकले. जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियमसाठी १९७७ मध्ये हिब्रू अक्षरांतली आवृत्ती झाली.

त्याच वर्षी मिल्टन ग्लेझरने न्यूयॉर्क राज्यासाठी लाल बदामाचे बोधचिन्ह केले, आणि प्रेमाचा शब्द शहरांच्या नावांना चिकटू लागला. २००४ च्या सुमारास ॲमस्टरडॅमने आपले नाव माणसाहून उंच अक्षरांत उभे केले. हैदराबादेत हुसेन सागराच्या काठावरचे 'लव्ह हैदराबाद' हे अक्षरशिल्प याच घराण्यातले.

पण अक्षरालाच चित्र करण्याची रीत या शहराला थेट जन्मापासून ठाऊक आहे. शहर वसवणाऱ्या मुहंमद कुली कुतुबशाहने चारमिनारपाठोपाठ बांधलेल्या बादशाही आशुरखान्यात, म्हणजे मोहरमच्या शोकगृहात, १६११ च्या सुमारास रंगीत फरश्यांचे काम झाले. मोहरमच्या मिरवणुकीत निघणारे आलम, म्हणजे ध्वजचिन्हे, तिथे भिंतींवर आहेत, आणि पवित्र नावांची वळणे त्यांच्या थेंबासारख्या आकारात गुंफलेली आहेत. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरात खालच्या फरश्यांची मोठी हानी झाली. वरच्या अजूनही पिवळ्या-निळ्या झळकतात. सुलेखनाचे संग्राहकही इथे होते. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान (१८८९–१९४९) यांनी जमवलेली हस्तलिखिते आणि सुलेखनाचे नमुने १९५१ मध्ये उघडलेल्या सालारजंग संग्रहालयामुळे लोकांसमोर आले. तलावाकाठच्या अक्षरांसाठी मात्र तिकीट लागत नाही; त्यांना टेकून फोटो काढायला संध्याकाळी गर्दी होते.