उपस्थाता : प्राणवायूच्या इतिहासातला गळलेला पाद

'प्राणवायू' हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला आहे, की प्राण त्या वायूतच आहे असे वाटू लागते. आपल्या वैद्यकपरंपरेने मात्र द्रव्यावर एवढा भरवसा कधी टाकला नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा, आजच्या भाषेत परिचारक. शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे त्याचे गुण. प्राणवायूचा इतिहास सांगताना आपण शोध, सिलिंडर, टाक्या आणि यंत्रे सांगतो; म्हणजे द्रव्याचाच इतिहास सांगतो. तिसरा पाद त्यातून गळतो.

तो गळता कामा नये, याचा बोलका पुरावा कोपनहेगनचा आहे. १९५२ साली तेथे पोलिओची भीषण साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येत होते आणि तेथे मोठे श्वसनयंत्र एकच होते. छातीवर बसवायची लहान यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यावा, असा मार्ग काढला. पुढे सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे त्या पिशव्या दाबल्या. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम येथे मानला जातो. यंत्राने नव्हे, खाटेशेजारी बसलेल्या माणसाच्या पंजाने तो विभाग सुरू झाला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

पोखर्णीच्या माणसाला हे फार दूरचे वाटण्याचे कारण नाही. नृसिंहाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित असलेले हे गाव परभणी-परळी लोहमार्गावर आहे, आणि इथल्या धाप लागलेल्या रुग्णाची वाट बहुधा परभणीच्या जिल्हा रुग्णालयाकडेच जाते. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्या रुग्णालयात एका रात्री झाडाची फांदी पडून प्राणवायूची नळी फुटली. रुग्णांना तातडीने जंबो सिलिंडरवर घेतले गेले आणि अनर्थ टळला. काही दिवसांपूर्वीच, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीमुळे पुरवठा खंडित होऊन त्या दिवशी २२ रुग्ण प्राणास मुकले होते.

'सिलिंडरवर घेतले' या दोन शब्दांत किती कामे दडलेली असतात! सिलिंडर ओढत आणायचा, चावीने तोंड उघडायचे, दाबमापक बसवायचा, आर्द्रतेच्या बाटलीतले पाणी पाहायचे, प्रवाह ठरवायचा, मुखवटा नीट बसला का ते तपासायचे. आणि हे होत असताना रुग्णाचे ओठ निळे पडत नाहीत ना, यावर डोळा ठेवायचा. जंबो सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर वायू मावतो. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो बारा तासही पुरत नाही. हा हिशेब कुणीतरी मनात सतत मांडत असतो. शिवाय अधिक दिला म्हणजे अधिक बरे, असेही नाही : जुन्या दमेकऱ्याला, वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने फुप्फुसे निकामी झालेल्या बाईला, प्राणवायू जास्त झाला तर अपायच होतो. म्हणून अशा रुग्णांत त्याची रक्तातली पातळी साधारण ८८ ते ९२ टक्क्यांतच राखतात. उशाशी उंच टेकू देणे, पालथे झोपवणे, कफ ओढून काढणे, नळीने कानामागे पडणाऱ्या जखमा जपणे, ही कामे तर कुठल्याच यंत्राच्या खाती जमा होत नाहीत.

या कामाचा लेखी दस्तऐवज असतो. तासातासाला श्वास किती, नाडी किती, प्रवाह किती लिटर, याचे तक्ते परिचारिका भरतात. आम्ही साहित्याचे अध्यापक बखरी वाचतो, कैफियती वाचतो, मोडीतले हिशेबसुद्धा वाचतो. २०२०-२१ च्या रात्रपाळ्यांचे हे तक्ते मात्र रद्दीत जाण्याआधी कुणी इतिहाससंशोधकाने मागून घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही.