शरदांतला केक आणि घराची नवी चाल



मेरी आणि तिच्या मागोमाग शाळेंत गेलेलें तिचें कोंकरूं, यांचें इंग्रजी गाणें आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं पाठ केलेलें असेल. तें १८३० सालीं ज्या बाईंनीं प्रसिद्ध केलें त्यांचें नांव मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें. त्या सारा जोसेफा हेल. अमेरिकेंतील असंख्य घरांत नोव्हेंबरच्या एका गुरुवारीं भोंपळ्याचा गोड पदार्थ भट्टींतून निघतो आणि सारें कुटुंब त्याच्याभोंवतीं जमतें. ही चाल राष्ट्रभर रूढ करण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं ह्याच बाईंकडे जातें. जुनी म्हणून आपण जिला मान देतों अशी घरगुती परंपरा प्रत्यक्षांत कशी जन्मास येते, हें पाहण्यास ही हकीकत फार सोयीची आहे.

पण परंपरेच्या आधीं चूल पाहिली पाहिजे. अठराव्या शतकांत केक हा साध्या घरचा पदार्थ नव्हता. हॅना ग्लास ह्या इंग्रज लेखिकेच्या १७४७ च्या पाकपुस्तकांत एक कृति आहे: पीठ, लोणी आणि साखर प्रत्येकीं एक पौंड, डझनभर अंडीं, आणि तें सारें तासभर हातानें किंवा मोठ्या लांकडी चमच्यानें फेंटावयाचें. केक फुगावयाचा तो ह्या फेंटण्यानें आंत कोंडलेल्या हवेवर. दुसरा मार्ग म्हणजे किण्व घालून पीठ रात्रभर आंबत ठेवणें. म्हणजे एक तर नोकराचा दंड पाहिजे, नाहीं तर दुसऱ्या दिवसापर्यंत धीर पाहिजे. मुलें पदराला ओढीत असतां एकटीनें स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीपाशीं ह्या दोहोंची वाणच असे.

ही अडचण दूर झाली ती राखेमुळें. अमेरिकेंत जंगलें तोडून शेतें होत होतीं, व राखेचे ढीग पडत होते. ती राख पाण्यांत भिजवून, निवळ आटवून आणि मग भाजून एक पांढरा क्षार काढीत. तो आपल्या पापडखाराच्याच जातीचा. १७९० सालीं त्या देशांत पेटंटचा कायदा झाला, आणि त्याखालीं ३१ जुलै रोजीं जें पहिलें पेटंट दिलें गेलें तें सॅम्युएल हॉपकिन्स यास हा क्षार करण्याच्या सुधारलेल्या रीतीबद्दल मिळालें. ह्या क्षाराला काकवी किंवा आंबट दूध यांची जोड मिळाली कीं कर्बाम्ल वायु निघतो, आणि पीठ तासाभराच्या मेहनतीवांचून हलकें होतें. पुढें १८४३ सालीं बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नांवाच्या औषधविक्यानें, आपल्या पत्नीला किण्व सोसत नाहीं म्हणून, एक कोरडी पूड तयार केली. तीच बेकिंग पावडर. त्याच सुमारास अमेरिकेंत खाण्याचा सोडा पुड्यांतून विकूं लागले, आणि ओतीव लोखंडाच्या चुली घरोघर आल्या. मोठमोठ्या वाड्यांतला केक सामान्य घरांत आला तो अशा पायऱ्यांनीं.

राखेच्या ह्या क्षाराचा उपयोग छापील पाकपुस्तकांत प्रथम नोंदविला तो अमेलिया सिमन्स ह्या बाईनें. तिचें लहानसें पुस्तक १७९६ सालीं हार्टफर्ड येथें निघालें. अमेरिकन माणसानें लिहून अमेरिकेंत छापलेलें हें पहिलें पाकपुस्तक समजतात. मुखपृष्ठावर ती स्वतःला ‘अमेरिकन पोरकी’ म्हणविते. जिला आई शिकवावयास नव्हती तिनेंच हजारों लेकींना शिकविलें, ही गोष्ट मनाला लागते. तिच्या पुस्तकांत सुंठ व काकवी यांचा केक आहे, आणि भोंपळ्याचें ‘पुडिंग’ही आहे: शिजवून गाळलेला भोंपळा, साय, नऊ अंडीं, साखर, जायपत्री, जायफळ आणि सुंठ, हें सारण पिठाच्या पारीवर घालून पाऊण तास भाजावयाचें. इंग्रजींत ह्या जातीच्या पदार्थाला पुढें सर्रास ‘पाय’ म्हणूं लागले. मराठी कानाला नांव विचित्र लागतें, पण वस्तु फार गोड आहे.

ज्यांच्या घरीं विटांची भट्टी नव्हती ते जाड लोखंडी भांडें निखाऱ्यांवर ठेवीत आणि खोलगट झांकणावर पुन्हां निखारे घालीत. हें ऐकून कोंकणांतल्या श्रोत्यांना आपल्या घरचें धोंडस आठवलें असेल. पावसाळा सरतां सरतां वेलावरचें तवसें जून होतें. तें किसून, तांदळाचा रवा, गूळ, खोबरें व वेलची घालून, वर आणि खालीं विस्तव ठेवून, मंद आंचेवर भाजतात. गोव्याकडे ह्यालाच तवसळी म्हणतात. दोन खंडांतल्या गृहिणींनीं एकमेकींस न विचारतां, शरदांतल्या फळाला तीच युक्ति लावावी, यांत मोठी मौज आहे.

आतां हेलबाईंकडे येऊं. १८२२ सालीं त्यांचे यजमान वारले, आणि पांच मुलांचा भार त्यांच्यावर पडला. त्यांनीं लेखणीवर संसार चालविला. १८२७ च्या त्यांच्या कादंबरींत न्यू इंग्लंड प्रांतांतील आभारदिनाच्या जेवणाचें मोठें तपशीलवार वर्णन आहे, आणि त्यांत भोंपळ्याच्या पायला मानाचें स्थान दिलेलें आहे. तेव्हां हा दिवस मुख्यतः त्या प्रांतापुरताच असे, व त्याची तिथि ज्या त्या राज्याचा गव्हर्नर ठरवी. १८३७ पासून फिलाडेल्फियाच्या एका प्रसिद्ध स्त्रियांच्या मासिकाचें संपादन त्यांच्याकडे आलें. मग दरसाल पाककृति छापणें, अग्रलेख लिहिणें, गव्हर्नरांना व अध्यक्षांना पत्रें घालणें, असा उद्योग त्यांनीं सुमारें सतरा वर्षें चालविला. गुलामगिरीच्या प्रश्नावर देश दुभंगत होता. सर्वांनीं एकाच दिवशीं एकसारखें ताट मांडलें तर तो कदाचित् एकत्र राहील, अशी त्यांची आशा होती. ती आशा फोल ठरली. १८६१ सालीं यादवी पेटली. त्या यादवींतच, २८ सप्टेंबर १८६३ रोजीं, त्यांनीं लिंकनला पत्र लिहिलें, आणि ३ ऑक्टोबरला नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार राष्ट्रीय आभारदिन म्हणून जाहीर झाला. १९४१ च्या कायद्यानें तो चौथ्या गुरुवारीं कायम केला.

ह्याच बाई स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या. १८८६ सालीं आपल्या आनंदीबाई जोशी ज्या फिलाडेल्फियाच्या कॉलेजांतून डॉक्टर झाल्या, त्या शहरांत अशा शिक्षणाला अनुकूल वातावरण निर्माण करण्यांत हेलबाईंच्या लेखणीचाही वांटा होता.

पण ह्या कथेला एक दुसरी बाजू आहे, व ती ताटावर बसतांना विसरतां कामा नये. शाळेंतल्या मुलांना असें शिकवीत कीं, १६२१ च्या शरदांत प्लिमथच्या वसाहतवाल्यांनीं व तेथील मूळच्या वांपानोआग लोकांनीं एकत्र बसून हा सण सुरू केला. जेवण झालें हें खरें. एडवर्ड विन्स्लोच्या पत्रांत तीन दिवसांची मेजवानी, मॅसासॉइट राजा, त्याचे नव्वद माणूस आणि त्यांनीं आणलेलीं पांच हरणें यांचा उल्लेख आहे. भोंपळ्याच्या पायचा मुळींच नाहीं. त्या जेवणाचा आजच्या सणाशीं संबंध जोडला गेला तो एकोणिसाव्या शतकांत. आणि मेजवानीनंतर पंचावन्न वर्षांच्या आंत, १६७६ सालीं, त्याच मॅसासॉइटचा पुत्र मेटाकॉम लढाईंत मारला गेला, व त्याचें शिर प्लिमथला खांबावर टांगलें गेलें. भोंपळा, मका व घेवडा यांची शेती ज्यांच्यापासून उचलली त्यांचीच भूमि गेली. १९७० पासून ह्याच गुरुवारीं मूळ रहिवाशांचे वंशज प्लिमथ येथें जमून शोकदिन पाळतात. एकाच दिवशीं एका घरीं सण आणि दुसऱ्या घरीं सुतक आहे.

मग अशी नवी चाल खोटी म्हणून टाकून द्यावी काय? मला तसें वाटत नाहीं. आपल्या एकादशीच्या ताटाकडेच पाहा. बटाटा, रताळें, शेंगदाणा, हिरवी मिरची, आणि हल्लींचा साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, हीं सारीं मूळचीं अमेरिकेचीं. आपल्याकडे तीं पोर्तुगीज व इतर दर्यावर्दींच्या व्यापारामागून आलीं. ज्याचे आपण घारगे करतों तो लाल भोंपळाही तिकडचाच. दुध्या मात्र जुना. आपल्या आजीच्या आजीनें कधींतरी हीं अनोळखी फळें हातांत घेऊन ‘हें उपासाला चालेल’ असा निर्णय दिला असला पाहिजे. तो निर्णय आज धर्माइतका पक्का झाला आहे. परंपरा खरी ठरते ती ती पाळणाऱ्यांच्या निष्ठेनें. तिचें वय सांगतांना मात्र खोटें बोलूं नये.

आज शहरांत कुटुंबें विखुरलीं आहेत. कोणी पुण्यास, कोणी न्यू जर्सीस. वाड्यांतली चूल गेली, तिच्याभोंवतालच्या चालीही गेल्या. अशा घरानें आपली एक नवी चाल पाडावी असें मी सुचवितें. कोजागिरीनंतरचा एखादा रविवार ठरवावा. लाल भोंपळा किसून, कणीक, गूळ, तूप, आंबट दहीं, चिमूटभर सोडा, जायफळ आणि सुंठ घालून केक भाजावा. किंवा तवसें मिळालें तर धोंडस करावें. किसण्याचें काम मुलाकडे, गूळ चिरण्याचें मुलीकडे, विस्तवावर लक्ष ठेवण्याचें घरांतल्या वडीलधाऱ्यांकडे असावें. कृति वहींत लिहावी, आणि खालीं कोणीं केला व कोण हजर होतें तें साल घालून लिहून ठेवावें. केक पहिल्या वर्षीं बसका होईल, तोही लिहावा. आणि निवेपर्यंत मुलांना ह्या भोंपळ्याची हकीकत सांगावी: तो कोणाच्या शेतांतून आला, आणि त्या शेतकऱ्यांचें पुढें काय झालें, हेंही.

हेलबाईंना पत्रें लिहितां लिहितां सतरा वर्षें लागलीं. आपल्याला घरांतल्या चारपांच माणसांनाच बोलवावयाचें आहे, आणि तेंही पुढल्या वर्षीं पुन्हां.