अस्सल, तालीक आणि रुजवात

नवेगाव बांधचा तलाव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला, असे सांगतात. त्या काळी कोणाच्या बांधीत पाणी केव्हा सोडायचे, हे गावच्या आठवणीत राही. इंग्रजी अमलात बंदोबस्त झाला, आणि या मुलखातल्या गावोगावच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात उतरल्या. पुढे 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. मग पाण्यावरचा हक्क सांगायचा तर माणसाला हा कागदच दाखवावा लागे.

कागद एकाच जागी ठेवला तर वाळवी खाईल, आग लागेल. म्हणून गावचे कागद पटवाऱ्यापाशी, तसेच वर सरकारी दप्तरातही असत. पण गावात कोणी वारला, वाटणी झाली, शेत विकले, आणि ती नोंद वर पोचलीच नाही, तर? दोन्ही कागद खरेच दिसणार, आणि भांडण कोर्टात जाणार.

मराठेशाहीतले कारकून हे जाणून होते. सनदेची तालीक, म्हणजे नक्कल, दप्तरी ठेवून अस्सल धन्याला परत देत. कागद ताडून पाहिला की त्यावर शेरा पडे. या ताडून पाहण्याला आपण अजूनही रुजवात म्हणतो. किती नेमका शब्द आहे पाहा!

आज सातबारा संगणकात आहे. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा उताराही मिळू लागला. संगणकाच्या कोणत्याही मोठ्या दप्तराची रीत मात्र तीच जुनी. एक यंत्र अस्सल, दुसरे तालीक. अस्सलावर झालेला प्रत्येक बदल अनुक्रमांक घालून तालिकेकडे जातो, आणि ती तो आपल्या वहीत चढवते. अस्सल बंद पडले की तालिकेने काम उचलायचे.

देखरेख करणाऱ्याने पाहायचे काय? समजा, अस्सलाचा शेवटचा क्रमांक 5012 आहे आणि तालिकेचा 4960. म्हणजे 52 नोंदी मागे. अंतर घटत असेल तर चिंता नाही, वाढत असेल तर धावा. मात्र एकट्या तालिकेला विचारून भागत नाही. मधला रस्ता मंद झाला तर ती म्हणते, "माझ्याकडे आलेले सारे मी चढवले." खरेच बोलते बिचारी! न आलेल्याचे तिला काय ठाऊक? पटवाऱ्याच्या वहीची चौकशी केवळ तहसिलीत करण्यासारखेच हे. दोन्ही टोकांना विचारावे लागते.

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब नावाच्या परदेशी कंपनीत तालीक मागे पडून थांबली. ती नव्याने उभी करताना कर्मचाऱ्याने तालीक समजून अस्सलच पुसायला घेतले. चूक ध्यानात येईतो बहुतेक सारे गेले होते. रोजच्या राखीव प्रती पाहाव्यात तर त्या निघतच नव्हत्या, आणि तशी सूचना देणारी पत्रेही कोणाला मिळत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत सापडली. तरी मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

आता एक गोष्ट क्रमांकांनाही कळत नाही. गणपतचे शेत कारकुनाने धनपतच्या नावावर चढवले, तर तालीकही क्षणात धनपतच लिहिते. क्रमांक जुळतात, यंत्र समाधानी, आणि गणपतचे शेत गेले! ही चूक धरायला शेताचा धनीच हवा. म्हणून 2017 च्या सुमारास संगणकात उतरवलेले सातबारे गावोगाव चावडीवर वाचून दाखवण्यात आले. तलाठी वाचतो, खातेदार ऐकतो, नाव किंवा क्षेत्र चुकले की तिथेच बोलतो. लिहिण्यातली चूक असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करून ती दुरुस्त करून घेता येते.