शून्य, एक, दोन : तीन प्रवाहांची कुळकथा

युनिक्सच्या घराण्यातील संगणकप्रणालींत प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा सहसा तीन प्रवाह त्याच्यासाठी आधीच उघडलेले असतात. ० हा इनपुटचा, १ हा आउटपुटचा आणि २ हा चुकांच्या संदेशांचा.

१९६० च्या दशकात ही सोय सरसकट नव्हती. आयबीएमच्या ओएस/३६० प्रणालीवर प्रोग्रॅमला लागणारी प्रत्येक फाइल आणि उपकरण कामासोबतच्या पंच कार्डांवर नोंदवून द्यावे लागे. मल्टिक्स प्रणालीत मात्र प्रवाहांना नावे असत आणि ते हवे तिकडे वळवता येत. मल्टिक्सच्या प्रकल्पात सहभागी असलेली बेल लॅब्ज १९६९ मध्ये त्यातून बाहेर पडली. तेथील केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तीच कल्पना युनिक्समध्ये फार सुटसुटीत रूपात आणली.

युनिक्समध्ये उघडलेल्या फाइलला सर्वांत लहान मोकळा क्रमांक मिळतो आणि नव्या प्रक्रियेकडे हे क्रमांक वारशाने येतात. म्हणून आउटपुट फाइलमध्ये वळवायचे असेल तर आज्ञा वाचून प्रोग्रॅम चालवणारे शेल आधी आपली प्रतिकृती काढते. ती प्रतिकृती १ क्रमांक बंद करते, फाइल उघडते आणि मगच प्रोग्रॅमला जागा देते. प्रोग्रॅम नेहमीप्रमाणे १ वर लिहीत राहतो. पलीकडे टर्मिनल आहे की फाइल, हे त्याला पाहावे लागत नाही.

प्रोग्रॅम बागेतल्या पाण्याच्या नळीच्या तुकड्यांसारखे एकमेकांना जोडता यावेत, असे बेल लॅब्जमधीलच डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच सुचवले होते. १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ‘पाइप’ तयार केला आणि एकाचे आउटपुट थेट दुसऱ्याचे इनपुट झाले. त्याबरोबर एक जुनी अडचण असह्य झाली. चुकांचे संदेशही १ वरूनच जात आणि पुढचा प्रोग्रॅम त्यांना माहिती समजून गिळून टाके. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत हे चालवून घेतले गेले. त्यानंतर लवकरच रिची यांनी चुकांसाठी वेगळा प्रवाह काढला.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीतील बॉर्न शेलमध्ये हा तिसरा प्रवाह स्वतंत्रपणे वळवण्याची सोय होती. सी भाषेच्या १९८९ च्या अमेरिकी मानकाने तिन्ही प्रवाह प्रोग्रॅमच्या आरंभीच उघडे असण्याची हमी दिली. पायथन, जावा यांसारख्या पुढच्या भाषांनीही हीच त्रयी स्वीकारली.