पान कुणाच्या हातचं?

सोलापुरातल्या एखाद्या चादर-टॉवेलांच्या दुकानाची वेबसाइट डोळ्यांपुढे आणा. वर मेन्यूची पट्टी : मुख्य पान, चादरी, टॉवेल, वॉलहँगिंग, संपर्क. 'टॉवेल'वर बोट ठेवलं की टॉवेलांचं पान उघडतं आणि पट्टीतला 'टॉवेल' हा शब्द ठळक होतो. 'चादरी'वर गेलं की तो मान चादरींकडे जातो. गिऱ्हाइकाला त्यात काही विशेष वाटत नाही, आणि वाटूही नये. पण ही पट्टी सगळ्या पानांना मिळून एकच असते. एका फाइलीत ती एकदाच लिहिलेली असते आणि साइटवरचं प्रत्येक पान तीच वापरतं. मग आत्ता आपण टॉवेलांच्या पानावर आहोत, हे तिला कोण सांगतं?

साइट उभारायच्या बहुतेक फ्रेमवर्कमध्ये याचं उत्तर एका ओळीत मिळतं. आलेली मागणी ज्या कंट्रोलरने हाताळली त्याचं नाव पानाच्या साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, विचारायचं, ते 'टॉवेल' निघालं तर त्या शब्दाला 'ॲक्टिव्ह' हा क्लास लावायचा. नवशिके ही ओळ पहिल्या महिन्यातच शिकतात आणि पुढे तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. मला मात्र ती फार जवळची वाटते. टेम्प्लेट आणि कंट्रोलर यांच्यातला एक जुना संबंध मध्ये तुटला होता, आणि तो नावाच्या रूपाने पुन्हा जोडला गेला, याची ती खूण आहे.

या संबंधाचं कुळ शोधायचं तर नॉर्वेपर्यंत जावं लागतं. त्रिग्वे रेनस्काउग हे ऑस्लोचे संगणकतज्ज्ञ. १९६०च्या दशकात त्यांनी जहाजबांधणीसाठी ऑटोकॉन नावाची प्रणाली तयार केली. जहाज बांधायचं म्हणजे हजारो कामं, त्यांचा क्रम आणि एकमेकांवरचं अवलंबित्व. हा सगळा पसारा कामावरच्या माणसाला आपल्या नजरेने बघता यावा आणि त्यात हात घालता यावा, हा त्यांचा ध्यास होता. १९७८मध्ये ते वर्षभरासाठी झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात, ॲलन के यांनी उभारलेल्या गटात गेले. तिथे स्मॉलटॉक ही भाषा आकार घेत होती.

१२ मे १९७९ या तारखेचं त्यांचं टिपण आहे. त्यातलं उदाहरण नियोजनाच्या कामाचंच आहे. कामांचा आराखडा एकच, पण तो कधी यादी म्हणून दिसावा, कधी जाळं म्हणून, कधी गँट तक्त्याच्या पट्ट्यांत. मूळ माहिती म्हणजे मॉडेल, तिचं एकेक दर्शन म्हणजे व्ह्यू. पडद्यापुढच्या माणसाचं म्हणणं ऐकून घेणाऱ्या घटकाला त्या टिपणात 'एडिटर' म्हटलं आहे. ॲडेल गोल्डबर्ग आणि इतर सहकाऱ्यांशी बराच खल झाल्यावर १० डिसेंबर १९७९च्या टिपणात मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर ही त्रयी ठरली. रेनस्काउग २०२४मध्ये वारले, तोवर जगातली कितीतरी वेब फ्रेमवर्क्स त्यांच्या त्रयीचं नाव लावत होती.

स्मॉलटॉक-८०मध्ये ही त्रयी प्रत्यक्ष उतरली तेव्हाची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. वेबवर ज्याची जागा टेम्प्लेट घेतं त्या व्ह्यूला तिथे कंट्रोलरचं नाव विचारावंच लागत नसे. प्रत्येक व्ह्यूचा स्वतःचा एक कंट्रोलर असे, दोघांनी एकमेकांचा हात थेट धरलेला असे. नवा व्ह्यू तयार होताना आपल्याला कुठल्या वर्गाचा कंट्रोलर हवा हे तोच सांगे. पुढे माउस हलला की कंट्रोलरांना आळीपाळीने विचारलं जाई : ताबा हवा आहे का? बाण ज्याच्या व्ह्यूवर असेल तो 'हो' म्हणे आणि सूत्रं हातात घेई. माउसला तीन बटणं होती, लाल, पिवळं आणि निळं अशी त्यांची नावं. पिवळं दाबलं की त्या कंट्रोलरचा मेन्यू उघडे. खिडकी मिटेपर्यंत दोघांची सोबत टिके. 'आत्ताचा कंट्रोलर कोण' हा प्रश्न तिथे उभाच राहत नव्हता.

वेबने ही सोबत मोडली. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर ते रचून पाठवतो आणि तिथेच व्यवहार संपतो. मागणी हाताळणारा कंट्रोलर काही मिलिसेकंद जगतो आणि पान गिऱ्हाइकाच्या फोनवर पोचण्याआधीच स्मृतीतून पुसला जातो. सुरुवातीला तर कंट्रोलर नव्हतेच. रास्मुस लेर्डोर्फने १९९५मध्ये पीएचपी जगापुढे ठेवली तेव्हा एक पान म्हणजे एक फाइल होती. टॉवेलांचं पान टॉवेलांच्या फाइलीत, चादरींचं चादरींच्या. मेन्यू ठळक करायचा तर चालू फाइलीचं नाव विचारलं की भागायचं. त्या काळच्या कितीतरी पीएचपी साइटींच्या शीर्षभागात फाइलीच्या नावाची ही तुलना सापडे. आज टेम्प्लेटमध्ये आपण जे करतो त्याचा हा सरळ पूर्वज.

पुढे 'फ्रंट कंट्रोलर'ची रीत आली आणि ही युक्ती निकामी झाली. कारण आता प्रत्येक मागणी एकाच दारातून, इंडेक्स फाइलीतून, आत येऊ लागली. चालू फाइल कोणती विचारावं तर सगळ्या पानांवर उत्तर एकच : इंडेक्स. जावाच्या जगात हे वळण आधी आलं. क्रेग मॅक्लॅनहन यांनी २०००मध्ये स्ट्रट्स हे फ्रेमवर्क अपाचे संस्थेच्या हवाली केलं. सर्व्हलेट या घटकाने मागणी घ्यायची, कामाचं पान निवडायचं आणि जेएसपी या टेम्प्लेटने ते फक्त रंगवायचं, ही वाटणी तिथे पक्की झाली. पान कुणाच्या हातून आलं हे जेएसपीला आपसूक कळत नसे. हवं असेल तर कुणीतरी मुद्दाम सांगावं लागे.

२००४मध्ये डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रेल्स आणलं आणि चित्र पालटलं. बेसकॅम्प नावाचं कामाच्या व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर लिहिताना त्यातून हे फ्रेमवर्क वेगळं निघालं होतं. त्याचा मूळ आग्रह असा की एक नाव ठरलं की तेच सगळीकडे चालावं. पत्त्यात 'टॉवेल' असेल तर कंट्रोलरचा वर्ग टॉवेलचा, त्याची फाइल टॉवेलची आणि टेम्प्लेटांचा फोल्डरही टॉवेलचाच. कंट्रोलरचं नाव हा आतला तपशील न राहता साऱ्या रचनेचा कणा झाला. मग ते टेम्प्लेटच्या हाती देणंही साहजिकच होतं. कंट्रोलरचं नाव, त्यातल्या कृतीचं नाव आणि फोल्डरसकट पूर्ण मार्ग, हे तिन्ही रेल्सच्या व्ह्यूत विचारता येतं.

त्यानंतर रांगच लागली. केकपीएचपी, सिम्फनी आणि जँगो २००५मध्ये, कोडइग्नायटर २००६मध्ये, यी २००८मध्ये, मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट एमव्हीसी २००९मध्ये, लाराव्हेल २०११मध्ये. प्रत्येकाने हे नाव देण्याची आपापली खिडकी ठेवली : कुणी मागणीच्या तपशिलांत, कुणी पत्त्यावरून कंट्रोलर निवडणाऱ्या राउटरपाशी, कुणी थेट कंट्रोलरच्या ओळखीत. जँगोत कंट्रोलरच्या कामाला व्ह्यू म्हणतात, त्यामुळे तिथे प्रश्नच जरा वेगळ्या शब्दांत विचारावा लागतो. बाकी मतलब तोच.

आता ज्या दोन ठिकाणी ही ओळ फसवते ती जवळून बघायला हवीत, कारण त्यातूनच तिची पुढची वाट ठरली.

पहिलं ठिकाण रेल्सच्या फॉर्मचं. दुकानदार 'नवा टॉवेल' हे पान उघडतो. तेव्हा कृतीचं नाव 'न्यू'. तो किंमत भरायला विसरतो आणि जतन करतो. मागणी 'क्रिएट' या कृतीकडे जाते. तिला चूक सापडते आणि ती 'न्यू'चंच टेम्प्लेट पुन्हा रंगवून पाठवते. पडद्यावर तोच फॉर्म, तीच रचना, फक्त वर लाल अक्षरांत सूचना. पण टेम्प्लेटने विचारलं तर कृतीचं नाव आता 'क्रिएट' येतं. 'न्यू' असेल तेव्हाच चालणारी जावास्क्रिप्ट त्या पानावर गप्प बसते, फोटो जोडायचं बटण दाबलं तरी काही होत नाही, आणि दुकानदाराला वाटतं की साइट बिघडली. कुठेही एररची ओळ उमटत नाही.

दुसरं ठिकाण व्यवस्थापकाच्या विभागाचं. गिऱ्हाइकांसाठी एक टॉवेल कंट्रोलर, आणि 'ॲडमिन' या कप्प्यात मालकासाठी दुसरा. रेल्समध्ये नुसतं नाव विचारलं तर दोघंही 'टॉवेल' म्हणतात, कप्प्याचं नाव गळून पडतं. दोन्ही विभागांचा मेन्यू एकाच फाइलीत असेल तर मालक आपल्या विभागात काम करत असताना गिऱ्हाइकांच्या बाजूचा दुवाही ठळक होऊन बसतो. पूर्ण मार्ग विचारला तरच फरक कळतो.

दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मागणी कुणी हाताळली आणि वाचणारा कुठल्या पानावर आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक वेळा त्यांची उत्तरं जुळतात म्हणून आपण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यासाठी वापरतो. सजावटीसाठी हे चालतं. मालकाला कोणतं बटण दिसावं, कुणाला काय करायची मुभा असावी, असे निर्णय मात्र टेम्प्लेटमध्ये कंट्रोलरच्या नावावर टाकू नयेत, असं माझं ठाम मत आहे. उद्या कुणी त्या वर्गाचं नाव बदललं की परवानगीची भिंत बिनबोभाट पडते.

सोलापुरात बसून या विषयावर लिहिताना अक्कलकोट रोड एमआयडीसीतला जकार्डचा माग आठवल्याशिवाय राहत नाही, आणि संगणकाच्या इतिहासात त्याची जागा खरीच आहे. पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांची माळ मागावर फिरते. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे रेटली जाते आणि धागा खालीच राहतो. बाण्याच्या एकेका ओळीला एकेक कार्ड. लियोंच्या जोसेफ मारी जकारने ही यंत्रणा १८०४च्या सुमारास पुऱ्या रूपाला आणली आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या विश्लेषक यंत्रासाठी कार्डांची कल्पना तिथूनच उचलली. लियोंमध्ये १८३९मध्ये जकारचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. त्याची एक प्रत बॅबेजकडे होती. त्या चित्राखाली विणकर कार्कियाचं आणि पेढीचं नाव आहे, तेही विणलेलंच. आपल्याकडच्या कितीतरी चादरींच्या काठावर कारखान्याचं नाव असंच विणून येतं. नक्षीच्या कार्डांतच नावाचीही भोकं पाडलेली असतात. चादरीला वेगळं काही विचारावं लागत नाही, नाव वरून उतरतं.

फ्रेमवर्क्स गेल्या काही वर्षांत याच दिशेने सरकली आहेत. टेम्प्लेटने कंट्रोलरचा माग काढण्यापेक्षा प्रत्येक मार्गाला, म्हणजे राउटला, आपण होऊन एक स्थिर नाव द्यायचं आणि ते खाली पोचवायचं. लाराव्हेलमध्ये मार्गाचं नाव एखाद्या नमुन्यात बसतं का हे विचारता येतं, म्हणजे टॉवेलांची यादी, एक टॉवेल आणि टॉवेलांचा शोध, तिन्ही पानांवर एकच शब्द ठळक होतो. जँगोने २०१३च्या १.५ आवृत्तीत जुळलेल्या मार्गाची माहिती मागणीबरोबरच ठेवली. सिम्फनीने २०२२मध्ये, ६.२ आवृत्तीत, चालू मार्गाचं नाव टेम्प्लेटला सरळ मिळेल अशी सोय केली. वर्गाचं नाव बदला, फाइल हलवा, मार्गाचं नाव तेच राहतं.

जुन्या साइटींना हे बदल जड जातात. सोलापुरातल्या लहान व्यापाऱ्यांना स्वस्तातलं होस्टिंग परवडतं, त्यावर पीएचपी सहज चालते, म्हणून कोडइग्नायटरवर उभ्या असलेल्या साइटी इथे अजून भेटतात. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत राउटरला वर्ग विचारला की 'टॉवेल' एवढंच सुटसुटीत नाव मिळे. २०२०च्या चौथ्या आवृत्तीत राउटर नेमस्पेससकट पूर्ण नाव देतो : आधी ॲप, मग कंट्रोलर्स, शेवटी टॉवेल, आणि मध्ये उलट्या तिरप्या रेघा. जुनी तुलना तशीच ठेवली तर दोन्ही बाजू कधीच जुळत नाहीत. पान उघडतं, टॉवेल दिसतात, विक्री होते. फक्त वरच्या पट्टीतला एकही शब्द ठळक होत नाही. दुरुस्ती सोपी आहे : मार्गांना नावं द्या आणि पट्टी असलेल्या सामाईक लेआउटला तेच नाव पाठवा.

आणि ही दुरुस्ती करताना आणखी एक ओळ लिहावी, असं मी आग्रहाने सांगतो. डिसेंबर २०१७मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मान्य केलेल्या एरिया १.१ या मानकात 'एरिया-करंट' नावाचं गुणविशेष आहे. चालू पानाच्या दुव्याला ते लावलं, की स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध माणसाला त्या शब्दापाशी 'चालू पान' असं ऐकू येतं. नुसता रंग गडद केला तर त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. ज्या अटीवर 'ॲक्टिव्ह' क्लास लागतो त्याच अटीवर हेही लागतं, वेगळा खर्च नाही, वेगळी तपासणी नाही. तरीही अनेक साइटींवर ते आढळत नाही.